खरेदीदार माल तपासत नाही, असा बाजार

लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीजवळ येतो, कांदा हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो, वरचा माल बाजूला सारून खालचा उकरतो. गोल्टी म्हणजे बारीक कांदा किती, जोडकांदा किती, यावरून बोली चढते नाहीतर बसते. शेतकरी कुरकुरतो, कधी ट्रॅक्टर परतही नेतो. मी निफाड तालुक्यात वाढले, त्यामुळे बाजार म्हटलं की मला हेच डोळ्यासमोर येतं. पैसे मोजणारा माल तपासतो, विकणारा मालाची बाजू लढवतो, आणि दोघांच्या ओढाताणीत मालाचं खरंखोटं उघडं पडतं.

कार्बन क्रेडिटच्या बाजारात ही ओढाताणच नाही. माझा सगळा आक्षेप तिथून सुरू होतो.

मी नाशिकमध्ये पतसंस्था आणि सोसायट्यांचं ऑडिट करते. पेठ तालुक्यात राहणारा माझा भाचा एका कंपनीचा करार घेऊन आला. "मावशी, एवढं वाचून सांग ना, सही करू का?" बांधावर आणि पडीक तुकड्यात आंबा, सागवान, बांबू लावायचा, रोपं कंपनी देणार, झाडांनी शोषलेल्या कार्बनचा हक्क तीस वर्षं कंपनीचा. झाडं तोडली किंवा जळाली तर मिळालेले पैसे शेतकऱ्याने परत करायचे. क्रेडिट कोणाला विकणार, याचा अख्ख्या करारात उल्लेख नाही.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड टळला किंवा शोषला गेला, असं प्रमाणपत्र. ते विकत घेणारा तेवढाच धूर सोडतो आणि हिशेबात वजाबाकी दाखवतो. आता हा टन मोजतात कसा? प्रकल्प झाला नसता तर किती धूर गेला असता, याचा अंदाज बांधायचा आणि त्यातून प्रत्यक्षातला आकडा वजा करायचा. म्हणजे हिशेबाची एक बाजू कायम "झालं नसतं तर" या खात्यावर. माझ्याकडे कोणी असं खातं आणलं तर मी पहिलं व्हाउचर मागेन. इथे व्हाउचर असूच शकत नाही, कारण जे घडलंच नाही त्याची पावती कोण देणार?

आणि तो अंदाज फुगवण्यात सगळ्यांचंच भलं आहे. विकणाऱ्याला जास्त क्रेडिट मिळतात, घेणाऱ्याला स्वस्त पडतात, तपासणाऱ्याची फी प्रकल्पवाल्याकडूनच येते. माल पोकळ निघाला तरी घेणाऱ्याचं काही बिघडत नाही. त्याला प्रमाणपत्र हवं होतं, ते मिळालं. नुकसान हवेचं, आणि हवेतर्फे लिलावात कोणी उभं नसतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. क्योटो या आंतरराष्ट्रीय हवामान कराराखाली चीन आणि भारतातल्या काही रसायन कारखान्यांना एचएफसी-२३ हा वायू जाळून टाकल्याबद्दल क्रेडिट मिळत होती. फ्रीज-एसीत लागणारा एक वायू बनवताना हा टाकाऊ म्हणून निघतो. हवा तापवण्यात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन, असा हिशेब धरला होता. जाळायला खर्च किरकोळ, क्रेडिटचे पैसे मात्र इतके की टाकाऊ वायू जास्त निघावा यातच कारखान्याचा फायदा झाला. शेवटी २०१३ मध्ये युरोपने आपल्या बाजारात ही क्रेडिट घेणं बंद केलं. तोवर विकली गेलेली वापरून झाली होती. पुढे २०१६ मध्ये जर्मनीच्या ओको इन्स्टिट्यूटने क्योटोच्या क्रेडिट यंत्रणेतले प्रकल्प तपासले, तर ८५ टक्के प्रकल्पांत दाखवलेली घट खरी आणि प्रकल्पामुळेच झालेली असण्याची शक्यता कमी आढळली. कमी सरपण लागणाऱ्या सुधारित चुलींच्या क्रेडिटवर २०२४ मध्ये अभ्यास आला, त्यात प्रत्यक्ष बचतीच्या नऊपट क्रेडिट वाटली गेल्याचं दिसलं. चूल चांगलीच गोष्ट आहे, बाईच्या डोळ्यातला धूर कमी होतो. पण त्या एका चुलीच्या नावावर नऊ चुलींचा धूर परदेशी कारखान्याने सोडायचा, हे मला सहन होत नाही.

पेठ-सुरगाण्यात लोक आंबा-काजू आधीपासून लावत आले आहेत. भाच्याच्या वडिलांनी लावलेली कलमं आज फळ देतात. मग "प्रकल्प नसता तर झाडं नसती" हे कशावरून? आणि दर उन्हाळ्यात त्र्यंबक, अंजनेरी, इगतपुरीच्या डोंगरांवर वणवे लागतात, ते बघणाऱ्याने तीस वर्षांची हमी कशी द्यायची? एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून गेलेला कोळशाचा कार्बन हजारो वर्षं भोवणार आहे. त्याची भरपाई बांधावरच्या सागवानाकडून मागायची, आणि आग लागली तर वसुली आदिवासी शेतकऱ्याकडून.

पेट्रोलमध्ये मिसळायला ऊस किंवा धान्यापासून करतात त्या इथेनॉलचंही दुखणं मोजणीतच आहे. गाडीच्या नळीतून निघालेला कार्बन पिकाने हवेतूनच घेतला होता, म्हणून तो शून्य धरायचा, असं म्हणतात. पण त्या पिकाचा युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, पंपाची वीज बरीचशी कोळशाची, ट्रॅक्टरला डिझेल, डिस्टिलरीला बॉयलर. आणि पाणी? नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. पाऊस कमी झाला की गंगापूर आणि दारणा धरणांतून खाली जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून नाशिक आणि मराठवाडा एकमेकांशी भांडतात, कोर्टात जातात. त्या भांडणात इथेनॉलच्या टाकीचं नाव कोणी घेत नाही.

आता उसाऐवजी मका म्हणतात. येवला, मालेगाव, सिन्नरकडे मका लावणाऱ्याला मी बोल लावणार नाही. भाव मिळतो तिथे तो जाणारच, त्याला कांद्याने पुरेसं रडवलंय. पण मका निर्यात करणारा हा देश २०२४ मध्ये आयातदार झाला, कोंबड्यांचं खाद्य महागलं, आणि अन्न महामंडळाचा तांदूळसुद्धा इथेनॉलकडे वळला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं आणि गाठलंही. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हे पंपावर कुठे लिहिलेलं मी पाहिलं नाही. याआधी जनावरं तोंड लावत नाहीत अशा मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल करण्याचा गाजावाजा झाला होता. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण ठरलं होतं, त्याच्या आसपासही कोणी पोचलं नाही.

आपल्या देशाचीही कार्बन क्रेडिट योजना २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्यात कारखान्यांना लक्ष्य आहे ते दर टन उत्पादनामागच्या उत्सर्जनाचं. उत्पादन वाढलं तर लक्ष्य पाळूनही एकूण धूर वाढू शकतो. मला एकूण आकड्यावर मर्यादा हवी आहे, दरवर्षी खाली येणारी, झाडं दाखवून वजा न करता येणारी.

"मग झाडं लावू नको का?" भाच्याने विचारलं. लाव की! सावलीसाठी, आंब्यासाठी, मातीसाठी लाव. सहीपूर्वी मात्र कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घे, असं मी त्याला सांगितलं: क्रेडिट कोण घेणार, तो स्वतःचा धूर किती कमी करतोय, आणि वणव्याचा तोटा कोणाच्या माथी. खरेदीदाराचं नाव देता येत नाही, असं त्यांचं उत्तर आलं. भाच्याने सही केली नाही. पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेतून केसरची कलमं आणायचं ठरलंय, आणि तो करार आता गावातले बाकीचे लोकही वाचायला मागताहेत.