मोटार रिवाइंडिंगपासून सांडपाण्यापर्यंत : आमची वाटचाल

२००४ साली जळगाव एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही मोटार रिवाइंडिंग आणि पंप दुरुस्ती सुरू केली. विहिरीवरचे पंप, डाळमिलच्या मोटारी, हंगामात जिनिंगची कामं. सांडपाण्याशी संबंध एवढाच, की कारखान्यांच्या ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचे, पंप आणि हवा मारणारे ब्लोअरही आमच्याकडे यायचे. ते परत बसवायला गेलो की टाक्या दिसायच्या, पाइप दिसायचे, भिंतीवर प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राची फ्रेम असायची. प्रक्रिया तेवढी बंद. दुरुस्त केलेली मोटार थोड्याच दिवसांत पुन्हा शेडमध्ये यायची. दोष मोटारीत नसायचाच. पंपाच्या आधीची जाळी कोणी झाडत नसे, म्हणून चिंध्या आणि पिशव्या थेट इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकात, जाऊन अडकत. मोटार भरून देण्यात पैसे होते, पण जाळीपासून पुढचं सगळं सांभाळायला माणूसच नाही, हे कळल्यावर आम्ही ते काम घ्यायला लागलो.

गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘फिल्टर लावला तर नाही का भागणार?’ नाही भागत. पाण्यात घाण दोन तऱ्हेची असते. एक बुडते किंवा तरंगते : वाळू, सालं, तेल, तूप. ती जाळी, ग्रिट चेंबर (वाळू बसवायची टाकी), ऑइल ट्रॅप आणि सेटलिंग टाकीत निघते. फार बारीक असेल तर तुरटी टाकली की गोळा होऊन खाली बसते. दुसरी विरघळलेली असते. दूध, स्टार्च, साखर, साबण. ती कुठल्याच फिल्टरच्या वाळूत अडकत नाही. तिला खाऊन संपवणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम जिवाणू करतात. नदीत ते हेच करतात, पण त्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात आणि मासे गुदमरतात. आपण तेच जेवण टाकीत घडवून आणतो आणि हवा ब्लोअरने देतो. ही अॅक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे जिवाणूंनी भरलेल्या जिवंत गाळाची, पद्धत १९१४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला मांडली गेली. आजही खानदेशातले बहुतेक प्लँट तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर चालतात.

आमच्या पोरांना मी एवढंच सांगतो, की एरेशन टँक, म्हणजे ही हवा द्यायची टाकी, गोठा समजा. ढोरांना वेळेवर चारा, हवा लागते. एकदम जास्त घातलं तर पोट फुगतं, उपाशी ठेवलं तर खंगतात. शेतकऱ्याच्या घरचा मुलगा हे लगेच धरतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल त्याचं माप. १०० भाग बीओडीला ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद, हे प्रमाणही त्याला परकं वाटत नाही. वेफर्सच्या किंवा तेलगिरणीच्या पाण्यात नत्र कमी पडतं, मग आम्ही युरिया आणि डीएपी टाकतो, तेही कृषी केंद्रातून आणलेलं. एका यावलच्या मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘भाऊ, मंग पोटॅश नही लागत का?’ केळीच्या भागातला माणूस, त्याला पोटॅशशिवाय कसं सुचणार!

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक डेअरी. तिथे पाइपलाइन आधी कॉस्टिक सोड्याने धुतात, मग आम्लाने. म्हणजे एकाच दिवसात पाण्याचा पीएच वर जातो आणि खाली पडतो. असं पाणी सरळ एरेशनला सोडलं तर जिवाणू मेलेच. म्हणून इक्वलायझेशन टँक, म्हणजे दिवसभराचं पाणी साठवून एकसारखं करायची टाकी, हवा, आणि ऐसपैस हवा. पण जागा आणि पैसा वाचवायचा म्हटलं की मालक पहिली कात्री याच टाकीला लावतात. त्या जागी आम्ही ठाम नकार देतो.

बाहेरून आलेल्या डिझाइनमध्ये आमच्याकडचा उन्हाळा धरलेला नसतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांकडे जातो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ च्या आत येतो. त्यात जिवाणूंची भूक उन्हात वाढलेली. टाकीत निदान २ मिलिग्रॅम तरी शिल्लक राहिला पाहिजे, म्हणजे जो ब्लोअर जानेवारीत पुरतो तो मे महिन्यात अपुरा पडतो. त्यात वीज गेली, किंवा बिल वाचवायला कोणी रात्री ब्लोअर बंद केला, की सकाळी गाळ काळा आणि कुजक्या अंड्यांचा वास. धुळ्याच्या बाजूला उलटं : थंडीत पारा १० च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, तेव्हा आम्ही एरेशनमध्ये गाळ जास्त राखतो.

प्लँटची तब्येत ओळखायला बीओडीचा रिपोर्ट उपयोगाचा नाही, कारण ती चाचणीच २७ अंशांना ३ दिवस चालते. रिपोर्ट येईपर्यंत पाणी नाल्याला लागलेलं असतं. आमचा ऑपरेटर १ लिटरच्या सिलिंडरमध्ये एरेशनचं पाणी भरून ३० मिनिटं ठेवतो. गाळ तपकिरी, वास मातीचा, आणि ३०० मिलिच्या आसपास घट्ट बसला, वरचं पाणी नितळ राहिलं, तर ठीक. गाळ फुगून वरच राहिला तर चाऱ्यात नाहीतर हवेत गडबड आहे. एरेशननंतर क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीत, बसलेल्या गाळातला बराचसा परत एरेशनला पाठवायचा, उरलेला वाळवण्याच्या बेडवर. आमच्या उन्हात तो भराभर वाळतो, हा या हवेचा एकमेव फायदा. नितळलेलं पाणी मग वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरमधून जातं, शेवटी क्लोरिन. फिल्टरची पाळी येते ती इथे.

नदीत सोडायचं तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, जमिनीवर सिंचनाला १००. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तो पाळायचा.

आज आमची जास्त कमाई नवीन प्लँट उभे करण्यात नाही, चालवण्यात आहे. रिवाइंडिंगचा टेबल अजून शेडमध्ये आहे आणि उन्हाळ्यात तो रिकामा नसतो. नवीन चौकशी आली की आम्ही लगेच भाव सांगत नाही. दिवसातल्या निरनिराळ्या वेळचं पाणी भरून आणतो, धुण्याच्या वेळा लिहून घेतो, मग टाकीचं माप काढतो. ‘फक्त संमतीपुरतं काहीतरी उभं करून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही कोटेशन पाठवत नाही.