चार मिनिटे बाकी असताना

मी परभणीतील एका कनिष्ठ महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे आणि गेली नऊ वर्षे शहरातल्या एका हौशी रग्बी क्लबचा सचिवही आहे. पगार पहिल्या कामाचा मिळतो. दुसऱ्या कामात पावत्या फाडणे, पंचांना फोन करणे, मुलांच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत घालणे आणि सामन्याच्या दिवशी प्रथमोपचाराची पेटी घेऊन रेषेबाहेर उभे राहणे, एवढे सगळे येते. यातल्या शेवटच्या कामाविषयी मला लिहायचे आहे, कारण गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी त्या कामाने माझी जशी परीक्षा पाहिली, तशी वर्गात कधी कोणी पाहिली नव्हती.

त्या दिवशी आमच्याच मैदानावर मराठवाड्यातल्या सहा संघांची सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीची, स्पर्धा होती. मैदान तयार करणे हे आमच्याकडे मोठेच काम असते. काळी माती पावसाळ्यात पाय सोडत नाही आणि जानेवारीत विटेसारखी कडक होते. तशा जमिनीवर पडलेल्या मुलाची कोपरे आणि गुडघे सोलून निघतात. आमच्या अध्यक्षांचे मोंढ्याजवळ कृषी सेवा केंद्र आहे आणि लहानथोर सगळे त्यांना 'भाऊ' म्हणतात. दर स्पर्धेच्या आधी ते आपल्या टँकरने मैदान भिजवतात, वाफसा आला की ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून वरची दोन-तीन इंच माती मोकळी करतात आणि फळी मारून ती सपाट करतात. नऊ वर्षांत त्यांनी डिझेलचे बिल क्लबपुढे ठेवलेले नाही. गोलपोस्ट आम्ही बोअरच्या केसिंग पाइपचे केले आहेत: दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवा पाइप जमिनीपासून ३ मीटरवर. लोखंडावर कोणाचे डोके आपटू नये म्हणून सोयाबीनचे भुसकट गच्च भरलेली बारदाने खांबांभोवती गुंडाळतो. ती दाभणाने शिवण्याचे काम मोंढ्यात हमाली करणारी आमचीच मुले करतात, कारण त्यांच्याइतका पक्का टाका दुसऱ्या कोणाला जमत नाही.

खजिनदार काका एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट आहेत. महिन्याची दीडशे रुपये वर्गणी एकदम देणे आमच्या निम्म्या मुलांना जड जाते, म्हणून काका आपल्या रोजच्या फेरीत त्यांच्याकडून पाच-पाच रुपये घेतात आणि छोट्या वहीत लिहून सही करून देतात. १८७८ साली कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद होताना सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून चषक घडवला आणि त्याच चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही खेळतात, ही हकीकत मी काकांना एकदा सांगितली होती. तेव्हापासून नव्या मुलाच्या हातात वही देताना ते ती न चुकता सांगतात. मुलांना पैशाची किंमत कळावी म्हणून ते सांगतात, की आपल्यासारख्याच एका क्लबची गोष्ट म्हणून, हे मी त्यांना कधी विचारलेले नाही.

सेव्हन्स हा प्रकारही अशाच एका क्लबच्या गरजेतून निघाला. १८८३ साली स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावच्या क्लबला पैशांची अडचण होती. एका दिवसात स्पर्धा उरकून तिकिटाचे पैसे उभे करायचे तर पंधरा-पंधराचे संघ परवडणारे नव्हते, म्हणून नेड हेग नावाच्या खाटकाचा व्यवसाय करणाऱ्या खेळाडूने सात-सातचे संघ सुचवले. सात खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. आमच्या क्लबला हेच झेपते. पंधरा जण एका वेळी मोकळे सापडणे आमच्याकडे शक्य नसते. कोणाची मोंढ्यात आवक वाढलेली असते, कोणाची परीक्षा असते, तर कोणी दसऱ्यानंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला असतो तो थेट उन्हाळ्यातच परततो.

आमची बहुतेक मुले कबड्डीतून येतात. अंगावर येणाऱ्याला धरायची भीती त्यांना नसते, हा मोठा फायदा. पण कबड्डीत पकड सुटू द्यायची नसते आणि रग्बीत समोरचा जमिनीवर पडला की टॅकल करणाऱ्याने, म्हणजे त्याला धरून पाडणाऱ्याने, त्याला लगेच सोडावे लागते, म्हणून पहिले सहा महिने आमच्याविरुद्ध पेनल्टीच्या शिट्ट्या वाजत राहतात. ती खोड निघते. दुसरी खोड जास्त चिवट असते. मांडी किंवा घोटा धरण्याच्या सवयीने ही मुले शेवटच्या क्षणी मान खाली घालतात, आणि धावत येणाऱ्याच्या मागच्या बाजूला राहायला हवे असलेले डोके त्याच्या पुढे जाते. मग गुडघा, कंबर किंवा कोपर थेट कानशिलावर बसते. "डोळे वर, गाल त्याच्या कमरेला, डोकं मागं" हे मी दर सरावाला सांगतो, आणि दमलेला मुलगा दर सामन्यात एकदा तरी ते विसरतो.

आमचा कर्णधार त्या दिवशी तेच विसरला.

तो तेवीस वर्षांचा आहे. वडील मोंढ्यात हमाल आहेत. तो स्वतः पहाटे पोलीस भरतीची तयारी करतो, १६०० मीटर धावणे, १०० मीटर, गोळाफेक, आणि संध्याकाळी आमच्याकडे येतो. निमंत्रितांच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाला चालत नाही, हे आम्ही प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो आणि ते त्यालाही माहीत होते. तो खेळत होता तो खेळासाठीच. त्या रविवारी त्याचे वडील पहिल्यांदाच सामना पाहायला आले होते आणि हमालीचा रुमाल खांद्यावर टाकून लिंबाच्या झाडाखाली उभे होते.

उपांत्य सामना लातूरच्या संघाशी होता. दुसऱ्या डावाची तीन मिनिटे झाली होती आणि आम्ही १२-७ ने पुढे होतो. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असा घोष मैदानाच्या दोन्ही बाजूंनी चालला होता. लातूरचा एक उंच मुलगा कडेने सुटला, कर्णधाराने तिरपे धावत त्याला गाठले आणि खाली पाडले. टॅकल मोठा सुंदर दिसला, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मला मात्र धडकेआधीचा अर्धा क्षण दिसला होता, कारण त्याचे डोके पुढच्या बाजूला गेले होते आणि समोरच्याच्या कमरेचे हाड त्याच्या कानामागे लागले होते.

तो तीन-चार सेकंदांत उठला. चक्कर नाही, रक्त नाही, शुद्धही हरपलेली नाही. चेंडू रेषेबाहेर गेला, पंचांनी लाइनआउट दिला, म्हणजे दोन्ही संघांनी रांगा लावून चेंडू पुन्हा आत घ्यायचा होता, आणि आमचा कर्णधार चालत जाऊन लातूरच्या खेळाडूंच्या रांगेत उभा राहिला. एका मुलाने त्याला हाताला धरून आपल्या बाजूला आणले. मुले हसली. मी हात वर करून पंचांना थांबवले आणि आत धावलो.

मी त्याला नेहमीचे पाच प्रश्न विचारले. आपण कोणत्या मैदानावर आहोत, हे त्याने बरोबर सांगितले. कितवा डाव चालू आहे, याला तो "पहिला" म्हणाला. शेवटचा ट्राय कोणी केला, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू शेवटी कोणी टेकवला, ते त्याला सांगता आले नाही, आणि तो ट्राय त्यानेच केला होता. याआधीचा सामना कोणाशी झाला, यावर त्याने बीडचे नाव घेतले. बीडशी आम्ही मागच्या वर्षी खेळलो होतो. त्या दिवशी सकाळी आम्ही हिंगोलीला हरवले होते. पाचवा प्रश्न विचारायची गरज उरली नाही.

नियम याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. मेंदूला हिसका बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढायचे आणि त्या दिवशी परत आत पाठवायचे नाही. वाचताना हे सोपे वाटते. मैदानावर तुमच्यासमोर एक धडधाकट तरुण उभा असतो, त्याला चालता येते, बोलता येते, आणि चार मिनिटे बाकी असतात.

"सर, मला कामून बाहेर काढायलात? मला काही नाही झालं," तो म्हणाला, आणि मी दंडाला धरताच त्याने माझा हात झटकला. त्यानंतर तो जे बोलला ते नऊ वर्षांत माझ्यासमोर कधी बोलला नव्हता. भाऊ रेषेपाशी आले. "सर, मुका मार हाय तो. पाणी मारा डोक्यावर, चारच मिनिटं राहिलीत," असे ते म्हणाले, आणि त्यांच्या मागून पाच-पंचवीस जण तेच म्हणत होते. मला त्या माणसांचा राग आला नाही. कुस्तीच्या फडात आणि कबड्डीच्या मैदानात वाढलेल्या आमच्या भागात मुका मार म्हणजे सोसायचा मार, आणि मीही त्यातच वाढलेलो आहे.

मी ठाम राहिलो त्याला कारण माझीच एक जुनी चूक आहे, आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा "काही नाही सर" म्हणाला होता आणि मी त्याचे ऐकले. त्याने सामना पुरा केला, दोन ट्राय केले. पुढचे चार महिने त्याचे डोके दुखत राहिले, पुस्तक उघडले की अक्षरे हलत, आणि बारावीच्या परीक्षेत तो मधूनच उठून आला. त्याच्या घरच्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. आजही रस्त्यात भेटला की तो वाकून नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला घेववत नाही.

मी भाऊंना एवढेच म्हणालो, "भाऊ, हा निर्णय माझा. तो आत गेला तर मी पेटी ठेवून घरी जातो." भाऊ माझ्याकडे क्षणभर पाहत राहिले आणि मग त्यांनीच कर्णधाराच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर आणले. त्याच्या जागी पहिल्या वर्षात शिकणारा, आयुष्यातला दुसराच सामना खेळणारा मुलगा आत गेला. त्याने जीव तोडून धावाधाव केली. शेवटच्या मिनिटात लातूरने खांबांच्या मधोमध ट्राय केला, कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतर खांबांमधून मारायची किक, साधले आणि आम्ही १४-१२ ने हरलो. मैदान एकदम शांत झाले. लातूरचा तो उंच मुलगा सगळ्यात आधी आमच्या कर्णधारापाशी आला, त्याच्या समोर उकिडवा बसला आणि "दादा, बरं वाटतंय ना?" असे विचारत राहिला.

कर्णधाराला मी झाडाखाली त्याच्या वडिलांशेजारी बसवले होते आणि त्याच्या मोटारसायकलची किल्ली माझ्या खिशात घातली होती. "सर, आपण जिंकलो का?" त्याने विचारले. मी निकाल सांगितला. त्याला फार वाईट वाटले. दहा मिनिटांनी त्याने पुन्हा विचारले, "सर, आपण जिंकलो का?" आणि निकाल ऐकून त्याला तितकेच वाईट वाटले. तासाभरात हे पाच वेळा झाले. दुसऱ्या वेळेपासून त्याचे वडील खाली मातीकडे बघत होते. तिसऱ्या वेळी भाऊ उठून ट्रॅक्टरच्या पलीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

अंतिम सामना चालू असताना त्याला उलटी झाली. भाऊंच्या गाडीतून आम्ही त्याला शहरातल्या एका रुग्णालयात नेले. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही. त्याच्या वडिलांना वाटले की आता सगळे ठीक आहे, पण डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून शांतपणे समजावले: कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हिसका, स्कॅनमध्ये दिसत नाही, स्कॅन फक्त डोक्यात रक्त साचलेले नाही एवढे सांगते, रात्रभर इथेच ठेवू, घरी गेल्यावर त्याला एकटे सोडू नका, मोबाइल पाहू देऊ नका, गाडी चालवू देऊ नका आणि मी सांगेपर्यंत धावू देऊ नका. "पोलीस भरतीचं काय?" वडिलांनी विचारले. "ती पुन्हा निघेल," डॉक्टर म्हणाले. हे उत्तर खरे होते, पण त्या घरासाठी ते सोपे नव्हते, आणि ते ऐकताना मलाही बरे वाटले नाही.

काकांनी रुग्णालयाचे पैसे क्लबच्या शिल्लकीतून भरले आणि त्याच बाकावर बसून वहीत नोंद केली. भाऊ रात्रभर थांबले. पहाटे चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी आदल्या दिवशीचा विषय काढला नाही. फक्त पुढच्या स्पर्धेत रेषेबाहेर आणखी एक जाणकार माणूस लागेल, आपल्या ओळखीतली एक नर्स रविवारी मोकळी असते, तिला मी विचारू का, असे ते म्हणाले. आता त्या बाई प्रत्येक सामन्याला येतात. त्याही मानधन घेत नाहीत.

कर्णधाराचे डोके पुढे सहा दिवस दुखत राहिले. मग डॉक्टरांनी आधी चालायला, नंतर हळू पळायला आणि बऱ्याच दिवसांनी चेंडू हातात घ्यायला परवानगी दिली. टॅकलचा सराव सगळ्यात शेवटी. त्या भरतीची मैदानी चाचणी त्याची चुकली. आता तो पुढच्या भरतीची वाट पाहत पहाटे पुन्हा धावतो.

मार्चमध्ये एका संध्याकाळी आम्ही खांबांची बारदाने उसवून नवे भुसकट भरत होतो. तो माझ्यासमोर बसून दाभणात सुतळी ओवत होता. सामन्यातले त्याला अजूनही काही आठवत नाही. बराच वेळ गप्प राहून त्याने मान वर न करता विचारले, "सर, पोरं सांगत्यात मी तुम्हाला लई वाईट बोललो. खरं का?"

"खरं आहे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि बारदानाचे तोंड माझ्याकडे सरकवले. मी दोन्ही हातांनी ते आवळून धरले, आणि त्याने पहिला टाका घातला.