१ जूनवाले

दरवर्षी १ जूनला आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहापासून केकचे फोटो पडायला लागतात आणि नेमकं कोणाला विश करायचं तेच कळत नाही, कारण निम्म्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी. माझापण. खरं तर मी पोळ्याच्या आसपासचा, असं आजी सांगायची. पण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, हात पोचला, म्हणजे पोरगं शाळेच्या वयाचं झालं, शाळा जूनमध्ये सुरू होते, लिहा १ जून! विषय संपला. तीच तारीख पुढे झेडपीच्या हायस्कूलला गेली, तिथून आधारवर, पॅनवर. सरकारी ऑफिसांत ३१ मेला निरोप समारंभांची जी रांग लागते ना, ती आमच्यासारख्यांचीच. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी रिटायर होतो.

मागे निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या आपल्या नोंदीची नक्कल, काढायला हायस्कूलला गेलो होतो. घंटा अजून तीच, रेल्वे रुळाचा तुकडा तारेने लटकवलेला. शिपाईमामांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कापडी बाइंडिंगचं, कडा उंदरांनी खाल्लेल्या, दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं. शाळेचा इतिहास म्हणून गॅदरिंगला पाहुणे जे बोलतात ते सोडा, शाळा खरी त्या रजिस्टरात असते. अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण. एक माणूस, एक आडवी ओळ.

साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरातपण अशीच एक ओळ आहे. ७ नोव्हेंबर १९००, इंग्रजी पहिली, अनुक्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. शाळा राजवाड्यात भरायची, आता तिचं नाव प्रतापसिंह हायस्कूल आणि चालवते झेडपीच. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. लिहून घेणाऱ्या कारकुनासाठी तो १९१३ नंतरचा आकडा, बस, टाक दौतीत बुडवला असेल आणि पुढचं नाव विचारलं असेल.

आणि जातीच्या कॉलमाचं म्हणाल तर २०२३ ला मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा ठिकठिकाणच्या शाळांची हीच कपाटं पुन्हा उघडली, मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. पणजोबा शाळेत गेले होते की नाही यावर पणतवाचा दाखला अडलेला!

असो. माझी ओळ सापडली. शाळा सोडण्याचं कारण, पुढील शिक्षणासाठी. वर्तणूक चांगली (सगळ्यांचीच चांगली असते, तिथे ‘वांड’ लिहायची सोय नाही). बोट खाली सरकलं तर आमच्या बाजूच्या बाकावरचा गडी निघाला, त्याच्यापुढे लाल शाईत, सतत गैरहजर. हा आता शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे आणि त्या दिवशी पत्र्यांच्या कोटेशनसाठी तिथेच बसला होता. मी पान त्याच्यापुढे केलं. त्याने चष्मा वर करून वाचलं, म्हणाला, “हे बरोबर आहे रे, पण माझापण वाढदिवस १ जून लिहिलाय, ते खोटं आहे.”