मंडईचा टाकाऊ पाला आणि माझी चार कोकरं : आठवा आठवडा

१ डिसेंबरला माडग्याळ जातीच्या मेंढीची चारही कोकरं ताणकाट्याला लावली तेव्हा सरासरी वजन साडेअठरा किलो होतं. काल २३ किलो ९०० ग्रॅम भरलं. म्हणजे दिवसाला ९५ ग्रॅमच्या पुढे वाढ, तीही शेंगदाणा पेंड २०० वरून १०० ग्रॅमवर आणून! फार समाधान वाटलं.

यात मोठा वाटा मटारच्या टरफलांचा. थंडीत मंडईतल्या मावश्या मटार सोलून विकतात आणि टरफलांची पोती संध्याकाळी उकिरड्यावर जातात. चवीला गोड, प्रथिनंही चांगली. गव्हाणीत पडायच्या आत कोकरं हातातून ओढून घेतात.

फ्लॉवरच्या पाल्याचं गणित मात्र मला उशिरा कळलं. त्यात जवळपास नव्वद टक्के पाणी. दहा किलो पाल्यातून कोरडा चारा जेमतेम एक किलो, आणि तेवढा तर तीस किलोच्या एकाच मेंढीला रोज लागतो. पोट भरलेलं दिसायचं, अंग धरत नव्हतं. ओला पाला उपाशीपोटी दिला तर पोटफुगीची भीती वेगळीच. आता पाला दिवसभर पत्र्यावर सुकवतो, आधी कडब्याची कुट्टी (बारीक कापलेला वाळका चारा) खाऊ देतो आणि मगच तो टाकतो.

पाचव्या आठवड्यात एक कोकरू जाता जाता वाचलं. शेजारच्या लग्नातला उरलेला भात कुणीतरी प्रेमानं गव्हाणीत ओतला होता. भात पोटात झपाट्यानं आंबतो, आम्ल साठतं. रवंथ बंद, पातळ हगवण, मान टाकलेली. डॉक्टर वेळेवर आले, तिसऱ्या दिवशी उठलं. तेव्हापासून शिजलेलं काहीही गोठ्यात येत नाही.

कांदा निवडून काढतो. जास्त गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बुरशी दिसली तर अख्खी पाटी खतात. आणि कोंबडीखाद्याचं उरलेलं पोतं कृपा करून मेंढ्यांना घालू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक घात करतं.

मटारचा हंगाम आता थोडाच उरलाय. म्हणून तीन भाग टरफलं, एक भाग कुट्टी असं दाबून एका ड्रममध्ये मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) घातलाय. झाकण घट्ट आहे. ४५ दिवसांनी उघडेन, तेव्हा वास, रंग आणि कोकरांनी तोंड लावलं का ते लिहितो.