१ नंबरची चिठ्ठी

केंद्राध्यक्षाच्या पुस्तिकेत काय चालेल, काय चालणार नाही हे सगळं छापलेलं असतं. मतदार मात्र ती वाचून येत नाहीत.

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. माझी केंद्राध्यक्षाची ड्यूटी करवीर तालुक्यातल्या एका गावातल्या शाळेत. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर अभिरूप म्हणजे चाचणीचं मतदान घेतलं, ५० मतं टाकून जुळवली, मशीन क्लिअर केलं, मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात सील केल्या आणि सातला दार उघडलं. आपल्याकडं मतदानाचा जोर मुळातच मोठा. त्या वेळीही राज्यात सगळ्यात जास्त टक्केवारी कोल्हापूर जिल्ह्याचीच होती. रांग दिवसभर तुटली नाही.

दहाच्या सुमारास एक पोरगा आजीला धरून आत आला. "आजीला वाचाय येत न्हाई, बटन मी दाबतो."

सोबती मिळतो तो अंध किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला. तोही १८ वर्षांचा तरी हवा, आणि दिवसभरात एकाचाच सोबती होता येतं. वाचता येत नाही हे कारण चालत नाही. आजी तर बांधाबांधानं चालत आलेली, ठणठणीत. मागून एका एजंटानं सूर लावला, "असू दे की ओ सर, म्हातारं माणूस हाय." म्हाताऱ्या माणसांचा हा कळवळा पाच वर्षांतून एकदाच दाटून येतो.

आमच्या सामानात पुठ्ठ्यावर छापलेलं नमुन्याचं बॅलेट युनिट असतं. ते आजींपुढं धरलं. त्यांनी अंगठ्यानं दाबलं, मग आणखी जोर लावून दाबलं. "ह्ये वाजत न्हाई की ओ!" सगळी खोली हसली. आतलं वाजतं, आधी लाल दिवा लागेल, शेजारच्या काचेत चिठ्ठी दिसेल, आवाज आला की या, असं समजावलं. आजी एकट्या आत गेल्या. आवाज आला. बाहेर येता येता नातवाला म्हणाल्या, "कुणाला दाबलं ते आता इचारू नगंस."

दुपार ओळखपत्रात गेली. तरण्या पोरांचं आधार मोबाइलमध्ये, आणि मोबाइल केंद्रात आणायला बंदी. मतदार ओळखपत्र नसलं तरी दुसरे १२ पुरावे चालतात, त्यामुळं "घरात पॅनकार्ड किंवा फोटोचं पासबुक हाय का बघा" एवढं सांगितलं की बहुतेकांचं काम व्हायचं. चडफडत जायचे, पण परत यायचे. केंद्राबाहेर मोबाइल ठेवायची सोय करण्याचं आयोगानं पुढं मे २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या दिवशी ते काम फाटकाबाहेरचा किराणा दुकानदार फुकटात करत होता.

खरी कसोटी सहाला लागली. मतदान संपायची वेळ सहा. पण त्या वेळेला जे रांगेत उभे आहेत त्या सगळ्यांना मत देऊ द्यायचं, मग रात्रीचे आठ वाजोत. त्यासाठी केंद्राध्यक्षानं सही केलेल्या चिठ्ठ्या वाटायच्या, त्याही शेपटाकडून. सगळ्यात शेवटी उभा असेल त्याला १ नंबर. पुढून वाटत गेलं तर मागं माणसं चिकटतच राहतात. ज्यानं कुणी ही पद्धत काढली त्यानं आयुष्यात बऱ्याच रांगा बघितल्या असणार.

सहाला पाचेक मिनिटं असताना पुण्याहून पोरांची गाडी आली. हायवेच्या रुंदीकरणात अडकलेली. पोरं उड्या टाकून पळत रांगेत लागली. सहा वाजले, फाटक लावून घेतलं, मी शेवटच्या पोराच्या हातात १ नंबर ठेवला आणि पुढं वाटत निघालो. तोवर फाटकावर हाका सुरू झाल्या. गाडी लावायला गेलेला चालक आणि त्याच्या सोबतचा एक, दोघं बाहेर. दोघंही याच यादीतले.

"सर, ह्या सगळ्यास्नी मीच आणलंय! गाडी काय रस्त्यात सोडू?"

बोलणं खोटं नव्हतं. एक एजंट म्हणाला, घ्या. दुसरा म्हणाला, घेतलंसा तर लेखी तक्रार देतो. पोरं कुणाची, याचा हिशोब दोघांनीही मनात कधीच केलेला होता. एवढ्यात १ नंबरवाला पुढं आला. "माझी चिठ्ठी ह्याला द्या. मी न्हाई टाकत मत."

खरं सांगायचं तर त्या पोराला नाही म्हणणं सगळ्यात जड गेलं. पण चिठ्ठी म्हणजे एसटीतली रुमाल टाकून धरलेली जागा नव्हे, की दुसऱ्याला बसवता येईल. सहाला रांगेत तो होता, म्हणून ती त्याची. चालकाला आत घेतलं असतं तर त्याच्यामागं आणखी कोण येतंय हे मला फाटकातून दिसतच होतं. वळणावर दोन मोटारसायकली वळत होत्या.

राज्यात त्या दिवशी संध्याकाळी पाचची टक्केवारी ५८.२२ होती, अंतिम ६६.०५ झाली. वाढीव मतं आली कुठून म्हणून मोठा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. माझ्या केंद्रावर ती कुठून आली ते माझ्या डायरीत होतं: सहाला रांगेत किती, चिठ्ठ्या किती. उशिरा आलेले दोघंही मी त्यात नोंदवले.

१ नंबरवाल्यानं सगळ्यात शेवटी मत दिलं. क्लोजचं बटण दाबलं, टोटल मतदारांच्या १७-ए नोंदवहीशी जुळली, एजंटांना मतांच्या हिशोबाच्या १७-सी नमुन्याच्या प्रती दिल्या. मशीन सील करून बाहेर आलो तर चालक कट्ट्यावर चहा घेत बसलेला. मला बघून उठला.

"राग न्हाई ओ सर. पण झेडपीला गाडी दुसऱ्याला चालवाय लावतो."