गाढवाला आधी कोरडी जमीन, मग चारा

गाढवाचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेतल्या खडकाळ, कोरड्या मुलखातले. थोड्या, रुक्ष चाऱ्यावर दिवस काढायचा आणि टणक जमिनीवर मैलोन्मैल चालायचं, याच बेताने त्याचं पोट आणि खूर घडलेत. पुण्याच्या आसपास सुटका केलेली गाढवं आणि खेचरं सांभाळताना त्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो दोन गोष्टींचा : चिखल आणि लाड. उपासमार, जखमा, ओझ्याने वाकलेली पाठ हे सगळं ती येतात तेव्हा डोळ्यांना दिसतं. चिखल आणि लाड मात्र आपण देतो, तेही मायेने.

त्यांच्या आश्रयस्थानासाठी जागा बघताना म्हणूनच पुण्याच्या पूर्वेकडे बघा. मावळ-मुळशीत डोंगर हिरवेगार दिसतात, पण तिथला पाऊस गाढवाच्या खुरांना सोसत नाही. शिरूर, दौंड, बारामतीकडे वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पडतो, पुरंदरच्या माळावरही बरं असतं. मुरमाड, उताराची, पडीक जमीन मिळाली तर नांगरटीला नालायक म्हणून सोडू नका, गाढवांना तीच हवी. काळी जमीन पदरात पडली तर खर्च धरून चला. शेडपुढच्या अंगणात नुसता मुरूम ओतला की पहिल्याच पावसाळ्यात तो काळ्या मातीत बुडतो. खाली 9 इंच डबर, त्यावर 6 इंच मुरूम, पाणी मारून रोलर, आणि दर 10 फुटांना 2 ते 3 इंच उतार. कडेने चर खणून पाणी शेताबाहेर काढायचं. दहा जनावरांना 2 एकर पुरतात, पण त्यातलं हे पक्कं अंगण किमान 3,000 चौरस फुटांचं असावं. जून ते सप्टेंबर त्यांचं आयुष्य तिथेच जातं.

शेडला मागची भिंत पश्चिम-नैऋत्येला घ्या, आपल्याकडे पावसाचा मारा तिकडूनच येतो. घोड्याच्या केसांवरून पाणी जसं निथळतं तसं गाढवाच्या केसांवरून निथळत नाही, ते आत मुरतं. म्हणून छप्पर ही चैन नव्हे. दर जनावरामागे 48 ते 50 चौरस फूट जागा आणि बाहेर पडायला दोन वाटा ठेवा. एकच दार असलं की दांडगं जनावर दारात उभं राहतं आणि बुजरं भिजत बसतं. कुंपणाला काटेरी तार लावू नका. 4 फुटांची जाळी गाढवांना चालते, खेचरांसाठी 5 फूट घ्या. खेचर कडी उघडायला शिकतं, तेव्हा फाटकाच्या कडीत खिटी हवीच.

खुरांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा अरुंद, उभट आणि पाणी जास्त शोषणारा. पावसाळ्यात तो मऊ पडतो, तळवा आणि खुराची बाहेरची भिंत यांच्यामधली पांढरी रेघ फाकते, तिच्यात खडा-माती शिरते आणि आत पू साठतो. काल नीट चालणारं जनावर आज एक पाय टेकतच नसेल आणि त्या खुराला हात लावल्यावर ऊब लागत असेल, तर बहुतेक वेळा हेच असतं. नालबंद किंवा डॉक्टर तळव्यातून वाट करून पू काढतात. मग कोमट मिठाच्या पाण्यात 15-20 मिनिटं पाय बुडवायचा, पट्टी बांधायची आणि तो पाय कोरड्यात ठेवायचा. धनुर्वाताची लस झाली आहे का, हे त्याच दिवशी तपासा. घोडा-गाढवांना धनुर्वात फार लवकर होतो आणि वाचणं कठीण असतं.

दुसरी तक्रार तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या सडण्याची. काळा ओलसर लगदा आणि नाकात बसणारा वास यावरून ती ओळखू येते. पावसाळ्यात दिवसातून एकदा चारही खूर आकडीने टाचेकडून पुढे खरवडायचे, ब्रशने झाडायचे आणि कोरडे करायचे. पुष्कळ ठिकाणी खुरांना गाडीचं जळकं ऑइल चोपडतात. ते करू नका, त्याने आतली ओल आतच कोंडते.

छाटणी दर 6 ते 8 आठवड्यांनी. पुण्यात रेसकोर्समुळे आणि आसपासच्या स्टड फार्ममुळे चांगले नालबंद मिळतात, ही इथली मोठी सोय आहे. मात्र त्यांचा हात घोड्यावर बसलेला असतो. गाढवाचा खूर घोड्याच्या कोनात कापला की टाच खाली जाते आणि मागच्या शिरांवर ताण येतो. काम सुरू होण्यापूर्वीच हे बोलून घ्या. वर्षानुवर्षं न कापल्यामुळे चपलेसारखे वर वळलेले खूर एका बैठकीत सरळ करायचा मोह आवरा. 3 ते 4 छाटण्यांत, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने कमी करा. हाडं आणि सांधे त्या वाकड्या खुराला सरावलेले असतात, एकदम बदल केला की जनावर आणखी लंगडतं.

आता चारा. आपल्याकडचं गावठी गाढव साधारण 90 ते 120 किलोचं. त्याला दिवसाला वजनाच्या सुमारे दीड टक्का कोरडा चारा लागतो, म्हणजे दोन किलोच्या आत. नासाडी धरून माणशी नव्हे, गाढवाशी अडीच किलो कडबा धरा. दहा जनावरांना रोज 25 किलो, आणि पावसाळ्याच्या 120 दिवसांना 3 टन. रब्बी ज्वारीची काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्येच हा साठा घ्यायचा, जुलैत भाव आणि प्रत दोन्ही हाताबाहेर जातात. कडबा शेकडा पेंढ्यांवर विकला जातो आणि पेंढी गावागणिक लहान-मोठी असते, त्यामुळे दहा पेंढ्या वजन करून मगच सौदा करा. गंज रचताना खाली दगड आणि लाकडं टाका, वर ताडपत्री, आणि मधून वारा खेळेल असं बघा. काळी बुरशी आलेली पेंढी गाई-म्हशींपुढे टाकतात तशी इथे टाकायची नाही. पोटशूळ आणि दमा दोन्ही त्यातून येतात. बुरशी लागलेला मका तर मेंदूवर जातो, त्याला उपाय नाही.

कुट्टी करायची तर 2 ते 3 इंचांची. फार बारीक कुट्टी न चावता गिळली जाते आणि घशात किंवा आतड्यात अडकते. दात झिजलेल्या म्हाताऱ्या जनावरांना जाड ताटं देऊच नका. चघळलेल्या चाऱ्याचे गोळे तोंडातून खाली पडलेले दिसले की दात बघायची वेळ झाली. त्यांना मऊ गवताची कुट्टी भिजवून द्या, हवा तर थोडा वाळलेला लसूणघास त्यात मिसळा. गव्हाचा कोंडा रोजचा आहार करू नये. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, महिनोन्महिने दिला की हाडं ठिसूळ होतात. सैंधवाचा खडा चाटायला टांगून ठेवा.

हिरवी कोवळी ज्वारी वर्ज्य. तिने गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्यांना ठाऊक असतं. गाढव-घोड्यांच्या खाण्यात ही ज्वारी रोज आली तर मागचे पाय लुळावतात आणि लघवी ठिबकू लागते. बांधावरची घाणेरी आणि कण्हेर उपटून टाका. कण्हेरीची मूठभर पानं जीव घ्यायला पुरतात. कोंबडीखाद्य आणि काही पशुखाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन ही औषधं मिसळलेली असतात. कोंबडीला ती चालतात, गाढवाच्या हृदयाचा स्नायू मात्र त्यांनी निकामी होतो. देणगी म्हणून आलेल्या पोत्यावरचं लेबल न वाचता ते फोडू नका.

लाडाचा प्रश्न इथेच येतो. रविवारी मंडळी येतात आणि गूळ, चपात्या, ब्रेड, लग्नातला उरलेला भात घेऊन येतात. मनापासून आणतात, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. पण म्हणावं लागतं. गाढव वाढीव अन्नाची चरबी मानेत आयाळीखाली आणि पुठ्ठ्यांवर साठवतं, आणि ती उतरत नाही. मान कडक होऊन एका बाजूला कलू लागली की समजा फार उशीर झाला. जास्त साखर-पिठाने खुराच्या आतला थर सुजतो. जनावर पुढचे पाय ताणून, वजन मागे टाकून उभं राहतं, आणि एकदा हे झालं की पुन्हा होण्याची भीती कायमची. पाहुण्यांना खरारा हातात द्या, गाढवाला पाठ-मान घासून घेणं गुळाइतकंच आवडतं.

लठ्ठ गाढवाला उपाशी ठेवणं मात्र त्याहून घातक. एक-दोन दिवस खाणं सुटलं की साठलेली चरबी रक्तात उतरते, रक्त दुधाळ होतं आणि यकृत-मूत्रपिंड बंद पडू लागतं. गाभण गाढवीला याचा धोका सर्वांत जास्त. गाढव दुखणं दाखवत नाही. घोडा पोटात दुखलं की लोळतो, गाढव नुसतं मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहतं. ‘आज जरा गप्प आहे’ एवढंच लक्षण असतं आणि त्यावर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा असतो. तोवर ताप, नाडी आणि श्वास मोजून ठेवा. निरोगी गाढवाचे आकडे असे : तापमान 36.5 ते 37.8 सेल्सिअस, नाडी मिनिटाला 36 ते 52, श्वास 12 ते 28. घोड्याचे आकडे वेगळे, औषधांचे डोसही नेहमी घोड्याचे चालत नाहीत. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी आणि घोड्यांवर काम करणाऱ्या एखाद्या डॉक्टरशी आधीच ओळख करून ठेवा. अडीअडचणीच्या रात्री नवी ओळख होत नाही.

नवीन जनावर आलं की 30 दिवस वेगळं. त्याची बादली, दोरी, खरारा सगळं वेगळं. पहिली काळजी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची. नाकातून घट्ट स्राव, नाकात व्रण, कातडीवर गाठी ही त्याची लक्षणं, आणि हा रोग माणसालाही होतो. हातमोजे घाला, पशुसंवर्धन खात्यामार्फत रक्ततपासणी करून घ्या आणि निकाल येईपर्यंत कळपात सोडू नका. खंगलेल्या जनावराला पहिल्या दिवशी पोटभर खुराक देऊ नका. दर 3-4 तासांनी मूठ-दोन मुठी वाळलेलं गवत, धान्य अजिबात नाही, दहा दिवसांत हळूहळू वाढवत जायचं. जंताचं औषध शेणतपासणी करूनच. सरसकट दिल्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात.

वीटभट्टीवरून आलेल्या जनावरांना पाठीवर ओझ्याच्या आणि पायांना पायबंदाच्या जखमा असतात, काहींच्या नाकपुड्या चिरलेल्या असतात. श्वास मोकळा होतो या समजुतीने चिरतात, होत काहीच नाही. पावसाळ्यात या जखमांवर माश्या एका जंताच्या अळ्या सोडतात आणि जखम भरण्याऐवजी मांसल होऊन वाढते. याला बरसाती म्हणतात, इंग्रजी पशुवैद्यक ग्रंथांतही हाच शब्द गेला आहे. जखम झाकणं आणि शेण रोज उचलणं यानेच ती टळते.

ओझी वाहणाऱ्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी केलेल्या 1965 च्या नियमांनुसार गाढवावर 50 किलो आणि खेचरावर 200 किलोपेक्षा जास्त ओझं लादता येत नाही. अडीच-तीन किलोची वीट धरली तर गाढवावर 16 ते 20 विटाच बसतात. पोलिसांनी जप्त केलेली जनावरं मुद्देमाल असतात, न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ती तुमची नव्हेत. पंचनाम्याची प्रत, चारही बाजूंचे फोटो आणि रोजच्या खर्चाची वही ठेवा. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. तिथून कणव येऊन विकत आणू नका. तुमचे पैसे पुढच्या जनावराच्या खरेदीत जातात. त्याच पैशांत भट्टीवर खूर छाटणी आणि धनुर्वाताच्या लशीचं शिबिर घेतलं तर कामावर असलेल्या जनावरांचं जास्त भलं होतं. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली गाढवं 61 टक्क्यांनी घटली. जी उरलीत त्यातली बहुतेक आजही कोणाच्या तरी पोटापाण्याची सोबत आहेत, त्या माणसांना वगळून हे काम होत नाही.

नरांचं खच्चीकरण थंडीत करा, तेव्हा माश्या कमी असतात. गाढवाच्या अंडकोषाच्या रक्तवाहिन्या जाड असतात, त्या टाक्याने बांधायला डॉक्टरांना आवर्जून सांगा. खेचराला पिल्लं होत नाहीत, पण नर खेचराचंही खच्चीकरण करावं लागतं, नाहीतर त्याला आवरणं अशक्य होतं. गाढवी आली की गाभण आहे का हे आधी तपासा. गर्भकाळ बारा महिन्यांचा, त्यामुळे सुटकेनंतर वर्षभरातही शिंगरू येऊ शकतं.

गाढवं जोडीने जगतात. एकाला दवाखान्यात न्यायचं तर दुसऱ्यालाही गाडीत घ्या. एकटं ठेवलेलं खाणं सोडतं. जोडीतलं एक मेलं तर लगेच खड्ड्याकडे नेऊ नका. संसर्गजन्य रोग नसेल तर दुसऱ्याला त्या देहापाशी राहू द्या. ते हुंगतं, पायाने ढोसतं, कधी ओरडतं, आणि मग स्वतःहून बाजूला होतं. त्याला तासभर लागेल किंवा अख्खी रात्र. मग विहिरीपासून लांब, सहा फूट खोल खड्डा, चुना. पुढचे तीन आठवडे मागे राहिलेल्याचा चारा सकाळ-संध्याकाळ तोलून टाका आणि उरलेलाही तोला.