क्लच सुटत नव्हता, आज उघडला एकदाचा

पावसाने जरा उघडीप दिली म्हणून सकाळीच पार्किंगमध्ये पथारी पसरली. डर्ट बाईकचा क्लच बरेच दिवस नीट सुटत नव्हता, म्हणजे लिव्हर पार ग्रिपपर्यंत दाबला तरी फर्स्टला गाडी पुढे सरकायला बघणार, ब्रेक धरूनच उभं राहायचं, आणि उभ्या गाडीला न्यूट्रल सापडेल तर शपथ. थंड इंजिनला पहिल्या गिअरला थोडा झटका बसतोच, ऑइलने क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, ते मी धरतच नाही. पण ही गरम झाल्यावर जास्त करायची.

मेकॅनिक दादा फोनवरच म्हणाला प्लेटा गेल्या, सेट टाकून घे. अरे पण प्लेटा झिजल्या तर क्लच स्लिप होतो ना, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी उचलत नाही, इथे बरोब्बर उलटं चाललंय.

केबलचा फ्री प्ले (क्लच ओढायला लागायच्या आधी लिव्हर मोकळा हलतो तो) आधीच बघून झाला होता, लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी असावा, माझा बराच जास्त होता. तो सेट केल्यावर फरक पडला पण तेवढ्यापुरताच. ऑइल ताजं, १०डब्ल्यू-४०, तिथे काही बोलायला जागा नाही. मग पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी डाव्या कुशीवर आडवी केली (असं केलं की ऑइल काढावं लागत नाही) आणि कव्हर खोललं.

स्टीलच्या प्लेटा वाकल्यात का बघायला सपाट काच लागते, ती शोकेसमधून काढली, आईने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एकेक प्लेट काचेवर ठेवून कडेने ०.१ मिमीची फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितली, कुठेच शिरली नाही. म्हणजे प्लेटा सरळ.

खरी गंमत बास्केटमध्ये, म्हणजे या प्लेटा ज्यात बसतात त्या बोटंवाल्या डब्यात होती. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटांवर प्रत्येक फ्रिक्शन प्लेटच्या (स्टीलच्या प्लेटांच्या एकाआड एक असतात त्या अस्तरवाल्या) जागी खाच पडलेली, नख फिरवलं की अडकत होतं. थ्रॉटल देताना-सोडताना प्लेटांचे कान तिथेच आपटत राहतात, आणि मग क्लच दाबला की प्लेटांनी बाजूला सरकायचं सोडून त्या खाचेत अडकून बसायचं, सुटणार कुठून.

बास्केट जागेवर ठेवून घासायचा मोह होतो पण कीस सगळा इंजिनात जाणार, म्हणून मित्राकडून इम्पॅक्ट रेंच आणून नट खोलला, बास्केट बाहेर काढली आणि बारीक कानशीने दोन्ही बाजूंनी फक्त वर आलेल्या कडा सपाट केल्या. जास्त घासलं तर प्लेटांना खेळायला जागा वाढते आणि आपटणं अजून वाढतं. हबवरच्या (आतला भाग, ज्यावर स्टीलच्या प्लेटा बसतात) बारीक खाचाही साफ केल्या, सगळं रॉकेलने धुतलं, प्लेटा ऑइलमध्ये बुडवून परत बसवल्या. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत, टॉर्क रेंचनेच आवळले, तिथे ताकद दाखवली की आटे गेलेच समजा.

संध्याकाळी गाडी चांगली तापवून मागच्या चढावर नेली. फर्स्टला क्लच दाबून उभी, हलतही नाही, न्यूट्रल पायाच्या अंगठ्याच्या नुसत्या टेकण्याने. लई भारी वाटलं.

दोन खाचा मात्र खोल आहेत, त्या पूर्ण घासल्याच नाहीत, त्यामुळे बास्केट कधीतरी बदलावी लागणारच आणि तिची किंमत ऐकून सध्या तरी हिंमत होत नाहीये. तोवर ऑइल बदलताना कव्हर उघडून नजर टाकत राहायचं ठरवलंय, त्यासाठी दोन गॅस्केट जास्तीची मागवून ठेवलीत.